ड्रॅगनची वही, नोंद ७: मिरमुलनीरनं घोळ केला

शनिवारी रात्री सलग दोन तास लाईन टिकली म्हणून एवढं तरी जमलं. लेव्हल १९. स्कायरिम या व्हिडिओ गेमचा हा माझा तिसरा फेरा, नियम जुनाच, ड्रॅगनबद्दल कोणी काही बोललं की कोण बोललं ते वहीत लिहायचं आणि मग बघायचं खरं निघतं का.

यावेळी भांडण मामाच्या पोट्ट्याशी. त्याचं म्हणणं, सगळे ड्रॅगन मेलेलेच होते, ऑल्डुइननं, म्हणजे त्यांच्या म्होरक्या ड्रॅगननं, पुरलेल्या ढिगाऱ्यातून एकेक उठवला. काइन्सग्रोव्ह गावाजवळ साह्लोकनीर नावाचा ड्रॅगन आपल्यासमोरच उठतो की, हाडांवर मांस चढताना दिसतं. "डोयानं पाह्यलं ना बे तू, आता काय पायजे अजून?"

पाह्यलं ना भाऊ, पण एकच पाह्यला.

स्काय हेवन टेंपल या जुन्या देवळात ॲटलस ऑफ ड्रॅगन्स नावाचं पुस्तक सापडतं, ड्रॅगन मारणाऱ्या ड्रॅगनगार्डच्या (म्हणजे आत्ताच्या ब्लेड्सच्या पूर्वजांच्या) माणसानं दुसऱ्या युगाच्या ३७३ साली केलेली यादी, मेलेले कोण, जिवंत कोण. त्यात मिरमुलनीर नावाचा ड्रॅगन जिवंतांमधे आहे, रीच भागात शेवटचा दिसला त्याच युगाच्या २१२ साली. आणि व्हाइटरनच्या बुरुजावर आपण सगळ्यात पहिला ड्रॅगन मारतो तो हाच! मग हा कोणत्या ढिगाऱ्यातून निघाला? भाऊ म्हणे यादी जुनी हाय, मागून मेला असन. हे मात्र खरं, गेम चालू होतो चौथ्या युगाच्या २०१ मधे, म्हणजे मधे साडेअकराशे वर्षं गेली. प्रश्नचिन्ह टाकलं.

तरी या यादीवर माझा जीव आहे, कारण ती मारायला जाणाऱ्यांनी केली, पत्ता चुकला तर यांचाच माणूस जाणार. आमचं गाव ताडोब्याच्या बफरमधे, तुरीत डुक्कर घुसतात म्हणून जागलीला जावं लागतं, तर परवा पानटपरीवर सकाळचा वाघ संध्याकाळपर्यंत बैलाएवढा झाला होता. मी बांधावरच्या चिखलात ठसा पाह्यला, बाजूला हात ठेवला, माझ्या तळहाताएवढा, आणि कडेला पाणी भरलेलं. फॉरेस्टवाले कॅमेरा लावून पट्ट्यांवरून वाघ ओळखतात, टपरीला विचारत नाहीत. ॲटलस म्हणजे ड्रॅगनचा तो कॅमेराच समजा, फक्त लय जुन्या फोटोंचा.

आता गंमत. गेममधे आकाटोश देवाच्या पुजाऱ्याचं एक पुस्तक आहे, भाषा एकदम गुळगुळीत, म्हणतो ऑल्डुइन आणि आकाटोश एकच. त्याला 'एक नाहीत' असं उत्तर देणाऱ्या नॉर्डला (स्कायरिमचा माणूस) धड स्पेलिंग येत नाही, पानभर चुका, त्याला सगळे हसतात, मीपण पहिल्यांदा हसलो होतो. पण पार्थर्नॅक्स हा म्हातारा ड्रॅगन स्वतः आकाटोशला बाप म्हणतो आणि ऑल्डुइन तर त्याचा थोरला भाऊ, मग भाऊच बाप कसा बाप्पा? मार्क स्पेलिंगवाल्याला.

अर्थात पार्थर्नॅक्सपण काही धुतल्या तांदळाचा नाही, एकेकाळी ऑल्डुइनचा उजवा हात होता. ॲटलसमधे त्याचा पत्तापण आहे, थ्रोट ऑफ द वर्ल्ड डोंगर, ग्रेबिअर्ड्स साधूंच्या आसऱ्याला, संधी मिळाली की हिशेब करू असं लिहिलंय. पत्ता बरोबर निघाला. मग त्याच्या तोंडचं किती धरायचं? जिथे त्याचा काही फायदा नाही तिथे पूर्ण धरतो, स्वतःबद्दल बोलला की अर्धं.

ब्लेड्सच्या डेल्फीनबाईचं तर विचारूच नका. ड्रॅगनमागे थालमोरच (एल्फ लोकांचं सरकार) आहेत म्हणून किती ठासून सांगत होती, त्यांच्या दूतावासात चोरून घुसलो, कागद काढले, तर तेच बिचारे कोण करतंय ते शोधत बसलेले! वहीत तिच्या नावापुढे फुली.

स्काय हेवनमधल्या ऑल्डुइनच्या कोरीव भिंतीचा फोटो काढून घ्यायचा होता, ब्लेड्सचा म्हातारा एस्बर्न मशाल घेऊन समोर उभाच होता आणि लाईन गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेली आहे. सेव्ह देवळाच्या दाराबाहेरचा, म्हणजे एस्बर्नचं ते लांबलचक भाषण परत ऐका. भाऊ दिवाळीला येतोय, तोपर्यंत मिरमुलनीरपुढचं प्रश्नचिन्ह तसंच.