सुपरस्टिशनची धार आणि शेवटची नाळ

सह्याद्रीत मुरलेला ट्रेकर या डोंगरावर पहिली चूक करतो ती पाण्याची. गडावर टाकं असणार, नाहीतर उतरल्यावर एखाद्या घरी ताक मिळणार, हा हिशोब आपल्या अंगातच असतो. ॲरिझोनातल्या सुपरस्टिशनच्या धारेवर 11 मैलांत भरवशाचा एक झरा नाही. डिसेंबरातसुद्धा माणशी 6 लिटर पाठीवर घ्यायचं. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही. दुपारी टी-शर्टवर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात तेव्हा उलगडा होतो. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर मीठ कमी पडून डोकं धरतं, मळमळतं. म्हणून त्यातल्या 2 लिटरमध्ये लिटरमागे चहाच्या चमच्याने 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. वर लिंबू पिळा, चवीला बरं.

फिनिक्सच्या पूर्वेला, अपाचे जंक्शन गावामागे ही ज्वालामुखीच्या खडकाची भिंत उभी आहे. हरवलेल्या सोन्याच्या खाणीची दंतकथा इथलीच. ज्याच्या नावावर ती चालते तो 'डचमन' जेकब वॉल्ट्झ मुळात जर्मन होता. 1891 मध्ये तो वारला, खाण शोधणारे अजून येतात.

गाड्या दोन लागतात. एक लॉस्ट डचमन स्टेट पार्कात ठेवायची आणि दुसरीने पेराल्टा रोडवरून कार्नी स्प्रिंग्स गाठायचं. एकच गाडी असेल तर धारेचा नाद सोडा, पार्कातून फ्लॅटआयर्नला, म्हणजे पार्काच्या डोक्यावरच्या सपाट कातळमाथ्याला, जाऊन परत या. धारेला 9 ते 11 तास लागतात आणि डिसेंबरात साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे उजाडताना पाय वाटेवर हवेत. उन्हाळ्यात या वाटेचं नावही काढू नका.

कार्नीकडून खिंडीपर्यंतचा चढ खडा आणि मुरमाड आहे, दम काढतो, पण चुकवत नाही. खिंडीतून डावीकडे वळून 5,057 फुटांच्या शिखरावर पोचलं की वाटतं, जिंकलं. खरं तर दिवस इथून पुढे सुरू होतो. धार सरळ नाहीच. दर टेंगळामागे उतार आणि उतारामागे पुन्हा चढ. वाट म्हणजे दगडांवर रचलेले दगड. पाच मिनिटांत पुढची रास दिसली नाही तर मागच्या राशीपाशी परत या. खाली अपाचे जंक्शनची घरं इतकी स्पष्ट दिसतात की मधूनच उतरावंसं वाटतं. त्या बाजूला कडे आहेत.

कॅटक्लॉ नावाच्या झुडपाला बोरीसारखे मागे वळलेले काटे असतात. अडकलात तर पुढे ओढू नका, एक पाऊल मागे या, आपोआप सुटतं. खालच्या उतारावर चोया निवडुंग भेटतो. त्याचं बोंड नुसतं घासलं तरी अंगाला चिकटून येतं. बोटांनी काढायला गेलात तर बोटंही अडकतात. कंगवा खाली सरकवून झटक्याने उडवायचं. कंगवा सॅकच्या वरच्याच कप्प्यात ठेवा.

आणि मग सायफन ड्रॉ. आपल्या हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेची आठवण यावी अशी नाळ, म्हणजे कड्यांमधली उभी घळ, फक्त ती उतरायची असते, सात-आठ तास चालून झाल्यावर. फ्लॅटआयर्नखाली लगेच दहाएक फुटांची उभी भिंत येते. सॅक काढून आधी खालच्याकडे द्या, तोंड कातळाकडे करा, आणि एक पाय नीट बसल्याशिवाय दुसरा हलवू नका. तीन आधार, एक हालचाल. पुढे घसारा आणि कमरेएवढे धोंडे. काठ्या इथे मिटवून सॅकला बांधा, हात मोकळे हवेत. एकाच्या पायाखालचा दगड थेट दुसऱ्याच्या डोक्याकडे जातो, म्हणून एकाखाली एक न उतरता थोडं तिरकं राहा. त्याखालचा खोलगट कातळ पाण्याने घासून गुळगुळीत झाला आहे. पूर्ण तळवा टेकवून, ढोपरं किंचित वाकवून चाला. कातळ ओला असेल तर बसून उतरा. पार्क जी वाट राखतं ती या कातळापर्यंतच. वरचं सगळं तुमच्या जबाबदारीवर. अडीच तास आणि हेडटॉर्च धरूनच चाला.

चढायला ही नाळ सोपी, म्हणून उलट दिशेने जावं असं पुष्कळ जण सांगतात. मी तरी कार्नीकडूनच जाईन. अंधार पडलाच तर नाळेत वाट चुकत नाही आणि माणसं असतात. जरा जास्तच असतात, हे खरं. शनिवारी अर्धा लिटरची बाटली आणि कर्कश स्पीकर घेऊन फ्लॅटआयर्नला निघालेली मंडळी पाहिली की दिवसभराची शांतता उतरते.

कार्नीला गाडी लॉक करण्याआधी खिसा चाचपा. पार्कातल्या गाडीची चावी याच गाडीत राहून जाणं ही इथली नेहमीची फजिती. त्या पार्कातल्या गाडीत चपला ठेवा आणि बर्फाच्या डब्यात ताकाची बाटली.