श्वासात शून्य, लाळेत काही नाही

रात्रपाळीच्या नाकाबंदीत ती मोटार आम्ही अडवली ती वेगामुळे नव्हे, तर रस्ता मोकळा असूनही ती दोन मार्गिकांच्या मधोमध रेंगाळत होती म्हणून. चालक पन्नाशीचे, अदबीने बोलणारे गृहस्थ होते. "साहेब, दारूला मी कधी शिवलेलो नाही," असे त्यांनी काच खाली करताच सांगितले, आणि श्वासचाचणीतही शून्यच आले. मात्र त्यांची जीभ जड झाली होती आणि परवाना मागितला असता त्यांनी दोनदा विम्याचा कागद पुढे केला.

मग लाळेची चाचणी घेतली. या पट्टीचा हिशेब उलटा असतो: रेघ उमटली तर तो पदार्थ आढळला नाही, न उमटली तर संशय. गांजा, कोकेन, अ‍ॅम्फेटामाइन, अफूजन्य पदार्थ, साऱ्यांच्या रेघा ठळक उमटल्या. "साहेब, यांना सोडायचं ना?" असे माझ्या तरुण सहकाऱ्याने विचारले.

मी त्यांना रहदारीपासून दूर नेले आणि पाय जुळवून, डोळे मिटून, तीस सेकंद झाली असे वाटताच सांगा म्हटले. घड्याळात पन्नास सेकंद उलटली तरी ते डुलत उभेच होते, म्हणून मीच त्यांना थांबवले. त्यांच्या नजरेसमोरून पेन हळूहळू बाजूला नेले, तेव्हा बुबुळे सरळ न सरकता झटके देत होती. मग त्यांनी आपणहून सांगितले की डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी घेऊन ते आडवे झाले होते, तेवढ्यात घरच्यांचा फोन आला आणि ते तसेच निघाले.

ती गोळी आमच्या पट्टीच्या यादीतच नव्हती. पट्टी ठरावीक पदार्थांपुरतीच बोलते, आणि ती जेव्हा 'आहे' म्हणते तेव्हाही सावध राहावे लागते, कारण ओढलेल्या गांजाचा अंश तोंडात रेंगाळतो आणि त्यावरून माणूस त्या क्षणी किती भानावर आहे हे ठरत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीची गोळी म्हटली की आपण उगीच नरमतो, असे माझे मत आहे. चाकामागे बसल्यावर ती कुठून आली याला अर्थ उरत नाही.

मोटार त्यांच्या मुलाच्या ताब्यात दिली आणि त्यांना रक्ताच्या नमुन्यासाठी रुग्णालयात नेले. प्रयोगशाळेच्या अहवालात पुढे झोल्पिडेम हे झोपेचे औषध आढळले. माझ्या जबाबात मी मार्गिका, पन्नास सेकंद आणि बुबुळांचे झटके आधी नोंदवले होते, आणि पट्टीचा निकाल सर्वांत शेवटी.