लिहिण्यापलीकडच्या इतर वस्तू

आमच्याकडे टपालाने फुकट येणारा एक साप्ताहिक पेपर आहे. त्यातल्या निधनवार्ता आधी, मग लिलावांच्या जाहिराती, असा माझा क्रम. उरलेला पेपर बटाटे सोलायला. खोड घराण्यातली आहे. बाबा सकाळी चहा घेऊन पेपर मागच्या पानापासून सुरू करायचे आणि मध्येच "अरेरे, गेले का हे!" म्हणून कप खाली ठेवायचे. आतून आई विचारायची, "कोण हो?" बाबा म्हणायचे, "ओळखीचे नाहीत."

इथे इलिनॉयमधल्या मॅक्लीन काउंटीत गावाबाहेर पडलं की मका, नाहीतर सोयाबीन. तिसरं काही शोधावं लागतं. इथल्या शेतकऱ्याची निधनवार्ता ठरलेली असते. अमक्या शेतावर जन्म, अमक्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, हायस्कूल, लष्करात दोनेक वर्षं, लग्न. मग 'आयुष्यभर शेती केली'. साठ वर्षं तीन शब्दांत आटोपली. पुढे पत्त्यांची आवड, नातवंडांची नावं, आधी गेलेल्यांची नावं, आणि फुलांऐवजी गावच्या अग्निशमन दलाला देणगी द्यावी ही विनंती.

आमच्या रस्त्यावरचे एक म्हातारबुवा हिवाळ्यात गेले. ओळख म्हणाल तर एवढीच, की त्यांची पिकअप समोरून आली की स्टिअरिंगवरचं एक बोट वर व्हायचं. हात नव्हे, बोट. इकडचे शेतकरी रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला असंच बोट दाखवतात, आणि आता मीही दाखवते. शिकागोत गेले तरी उचललं जातं, मग लोक विचित्र बघतात.

त्यांच्या अंत्यदर्शनाला गेले आणि शवपेटीत आधी कपाळच दिसलं. भुवयांच्या वर दोन बोटांपासून पांढरंफटक, खालचा चेहरा रापून तांबडा. मध्ये फूटपट्टीने आखावी तशी रेघ. बियाण्याच्या कंपनीकडून फुकट मिळालेल्या टोप्यांनी जन्मभर ती आखली होती. टोपीशिवाय मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. सूट बरा शिवलेला होता, पण त्यात ते पाहुणे आल्यासारखे वाटत होते. नंतर चर्चच्या तळघरात जेवण झालं. हॅमची सँडविचेस, लालभडक जेली आणि माझ्या उपयोगाचं बटाट्याचं सॅलड.

मार्चमध्ये त्याच पेपरात लिलावाची जाहिरात आली, अर्धं पान भरून. त्यांची ओळख मला खरी तेव्हा झाली. जॉन डिअर 4020 हा ट्रॅक्टर. ते मॉडेल 1963 ते 1972 या काळातलं, म्हणजे हा गडी पन्नास वर्षांहून जुनं यंत्र अजून सांभाळून होता. डुकरांना दाणा घालायची पात्रं, म्हणजे कधीकाळी डुकरं होती. दुधाच्या किटल्या होत्या म्हणजे गाई होत्या. निधनवार्तेत गाई-डुकरं कुठेच नव्हती. कॉफीच्या डब्यांत भरून ठेवलेले नटबोल्ट, आकाराप्रमाणे वेगळे. आणि एक अकॉर्डियन, 'उत्तम स्थितीत'. अकॉर्डियन! या जाहिराती नेहमी एकाच वाक्याने संपतात: 'आणि इतर वस्तू, लिहिण्यापलीकडे संख्येने'. माझ्या निधनवार्तेत हे वाक्य घालावं असं मी नवऱ्याला सांगून ठेवलंय. तो मान हलवतो आणि फोन बघतो.

लिलाव म्हटलं की इथल्या जुन्या लोकांच्या तोंडावर एक सावधपणा येतो. त्याला कारण आहे. 1930 च्या दशकातल्या मंदीत बँका शेतं जप्त करून लिलावाला काढायच्या, तेव्हा शेजारीपाजारी जमून एकेका सेंटाची बोली लावायचे आणि सगळं परत मालकाच्या हवाली करायचे. जास्त बोली लावायला कोणी परका आलाच तर त्याची 'समजूत' काढली जायची. 1933 मध्ये आयोवात ल मार्स इथे तर जप्तीच्या हुकमांवर सह्या करणार नाही असं वचन द्यायला न्यायाधीश तयार होईना, म्हणून शेतकऱ्यांनी त्याला कोर्टातून ओढून बाहेर नेलं आणि गळ्यात दोर अडकवला. तो वाचला. पुढे 1980 च्या दशकात पुन्हा तेच. चढ्या भावाने, कर्ज काढून जमिनी घेतलेल्यांचे पाय खोलात गेले. आयोवात 1981 साली एकराला सरासरी 2,147 डॉलर असलेला भाव 1986 ला 787 वर आला. 1985 च्या सप्टेंबरात आमच्या शेजारच्या शॅम्पेन गावी विली नेल्सन या गायकाने शेतकऱ्यांसाठी गाण्यांचा मोठा जलसा भरवला, त्याच्या आठवणी अजून ऐकू येतात. म्हातारबुवांनी त्या काळात जमीन घेतली नव्हती म्हणून ते तगले, असं मला लिलावाला भेटलेल्या एका शेजाऱ्याने सांगितलं. "घ्यायची होती," तो म्हणाला, "बायकोने घेऊ दिली नाही." हेही निधनवार्तेत नव्हतं.

लिलावाच्या दिवशी वारा असा, की बोली लावायला मान हलवली की थंडीने हलली हे कळू नये. गवताच्या गाठी वाहायच्या गाड्यांवर घर मांडलेलं होतं. लिलाववाला श्वास न घेता आकडे म्हणत पुढे सरकत होता. हौसेने मी एक पाना घ्यायला गेले आणि खोकंच गळ्यात पडलं, कारण सुटं काही देत नाहीत. त्यात दोन बिजागऱ्या, एक गंजका सापळा आणि 1978 चं बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर निघालं.

पाईच्या टेबलाशी त्यांचा मुलगा भेटला. डेन्व्हरला असतो. तीनशेवीस एकर विकली म्हणाला, पलीकडच्या मोठ्या शेतकऱ्याला. घर पाडणार, झाडंही काढणार, कारण चोवीस ओळींचं पेरणीयंत्र वळवायला अडतं. मग विचारलं, "तुमच्याकडे शेती आहे?"

"आजोबांची. चार एकर."

"चारशे?"

"चार."

तो जरा थांबला. "कोण करतं?"

"कोणी नाही. सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत." सातबारा म्हणजे काय ते सांगण्यात थोडा वेळ गेला.

"विकत का नाही?"

"चौदा सह्या लागतात. दोघे वारले, एक बोलत नाही."

"मला एकच करावी लागली," तो म्हणाला. मग चेरीची पाई संपत आलीय असं कोणीतरी ओरडलं आणि आम्ही दोघंही रांगेत घुसलो.