स्टिकरखालचा मजला

२०२३ चा नोव्हेंबर. चीनमधल्या फोशानच्या एका टाइल कारखान्यात माल तपासायला गेलो होतो. ग्राहक टांझानियातल्या दार-ए-सलामचा. भारतासाठी मला कोणी बोलावत नाही. घरात मोरबीसारखं टाइलचं गाव असताना चिनी टाइल कोण नेईल?

माल ८०० बाय ८०० मिलिमीटर, पांढरी, पॉलिश्ड. भाव इतका पडलेला की शंकाच यावी.

लोकांना वाटतं, इन्स्पेक्शन म्हणजे चार फोटो आणि सही. पेट्या मी स्वतः निवडतो, ढिगाच्या मधल्या आणि तळातल्या. पुढे करतात त्यांना हातही लावत नाही. दोन टाइल तोंडाला तोंड लावून दाबायच्या. डुगडुगल्या तर बाक आहे. पॉलिश केलेल्या बाजूला शाई लावून पुसायची, डाग राहतो का बघायला. मग उजेडात जमिनीवर मांडून, लांब उभं राहून, डोळे बारीक करून शेड बघायची. शेड दोन निघाल्या, एक निळसर, एक दुधी. पेट्यांवर नंबर मात्र एकच.

स्टिकर जाड लागला म्हणून नखाने उचकटला. खाली एका गृहप्रकल्पाचं नाव आणि मार्करने लिहिलेलं: इमारत ३, मजला १७.

लाओबानने, म्हणजे मालकाने, काही लपवलं नाही. बिल्डरने रोख पैशांऐवजी हुंडी, म्हणजे पुढच्या तारखेला पैसे देण्याचं लेखी वचन, दिली होती. २०२० मध्ये सरकारने बिल्डरांच्या कर्जाला 'तीन लाल रेषा', म्हणजे मर्यादा, आखल्या, हा बिल्डर बुडाला, हुंडी वटलीच नाही. मग भट्टी बंद का नाही केलीस? तो हसला. १२०० अंशांची ती लांबलचक भट्टी थंड करून पुन्हा पेटवायची म्हणजे कित्येक दिवसांचं इंधन नुसतं जाळायचं. म्हणून माल साचत गेला. पूर्वी एक खरेदी अधिकारी अख्ख्या टॉवरची ऑर्डर देऊन जायचा. आता जुनं घर नवं करणारी सासू-सून येते, मॅट फिनिशवर हात फिरवते, तीनदा चहा पिते आणि "विचार करून सांगतो" म्हणते.

तिथे बहुतेक फ्लॅट बांधून होण्याआधीच विकतात आणि हप्ताही लगेच सुरू होतो. २०२२ च्या जुलैत अर्धवट इमारतींच्या ग्राहकांनी गावोगाव हप्ते थांबवले होते. सतराव्या मजल्यावरचा त्यांत होता का, कोण जाणे. रिपोर्टात त्याच्यासाठी रकाना नसतो.

दोन बायकांनी रात्री नऊपर्यंत शेड वेगळ्या केल्या. मी माल पास केला आणि सगळ्या पेट्यांवर नवे स्टिकर लावायला सांगितले, नीट, कडा दाबून. जुनं नाव दिसलं की ग्राहक आणखी भाव पाडून मागतो.