माझा अनुभव : ड्राय सिरपचे सात दिवस

लेकीचं वजन १८ किलो. डॉक्टरांनी यंत्राने कानात पाहिलं. पडदा लाल होऊन फुगला होता, म्हणून त्यांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड या अँटिबायोटिकचं ड्राय सिरप, म्हणजे घरी पाण्यात कालवायची पावडर, लिहून दिलं : ४५७चं (५ मिलीत ४५७ मिलिग्रॅम औषध), ५ मिली, दिवसातून दोनदा, सात दिवस.

मी दुकानातच हिशेब केला. रोज १० मिली म्हणजे सात दिवसांचे ७० मिली, आणि बाटली ३० मिलीची. तीन बाटल्या लागणार. काउंटरवर एकच ठेवलेली होती. तिसऱ्या दिवशी बाटली रिकामी होते, तोवर ताप उतरून पोर खेळायलाही लागलेलं असतं, आणि बाटलीबरोबर कोर्सही संपला असं घरात धरलं जातं. मी तिन्ही बाटल्या घेतल्या. खोक्यावरचा आकडाही तपासला, कारण हेच औषध २२८.५चंही मिळतं. ते हाती आलं तर ५ मिलीत निम्माच डोस पोटात जातो.

तिन्ही बाटल्या एकदम कालवायच्या नाहीत. क्लॅव्हुलॅनिक ॲसिड पाण्यात फार दिवस टिकत नाही, म्हणून कालवलेलं औषध फ्रीजमध्ये ठेवून सात दिवसांच्या आत संपवायचं. कोरड्या बाटल्या मी कपाटात ठेवल्या. स्वयंपाकघरातली वाफ आणि पावसाळ्याची दमट हवा या पावडरीला सोसत नाही. पावडरचे खडे झाले असतील किंवा ती तपकिरी पडली असेल, तर बाटली दुकानात परत द्यावी.

खरी गफलत कालवताना होते. आधी बाटली तळहातावर आपटून पावडर मोकळी केली. खोक्यातल्या निर्जंतुक पाण्यापैकी थोडं ओतलं, खुणेच्या बरंच खाली. झाकण लावून जोरात हलवलं, तर पांढरा फेस थेट गळ्यापर्यंत चढला. तो बसेपर्यंत थांबलेच. फेसालाच पातळी समजून हात आवरला तर पाणी कमी पडतं आणि औषध दाट होतं. फेस बसल्यावर बाटली डोळ्यांसमोर सरळ धरून खुणेपर्यंत पाणी घातलं, पुन्हा हलवलं आणि लेबलवर बॉलपेनने तारीख टाकली. पाण्याची कुपी नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी चालतं. गरम पाणी मात्र नको.

बाटली ठेवली फ्रीजच्या मधल्या कप्प्यात. दार सारखं उघडतं, तिथे नको, आणि फ्रीझरमध्ये तर नकोच. दर वेळी देण्याआधी हलवायची. नाहीतर पावडर तळाशी बसते, पहिले डोस पातळ जातात आणि शेवटचे जहाल.

चमच्याने मापू नका. आमच्याच घरातले तीन चमचे पाण्याने मापले, तर ३ मिलीपासून ६ मिलीपर्यंत निघाले. बिनसुईची ५ मिलीची सिरिंज घेतली. तिचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून हळूहळू सोडलं की ठसका लागत नाही.

वेळा सकाळी आठ आणि रात्री आठ, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर. त्याने मळमळ कमी होते. उलटी झाली तर काय करायचं, हे आधीच विचारून ठेवलं होतं : अर्ध्या तासाच्या आत सगळं बाहेर पडलं तरच पुन्हा द्यायचं. डोस विसरला तर आठवल्याबरोबर द्यावा. पण पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर तो सोडून द्यावा, दोन एकत्र कधीच नकोत.

तिसऱ्या दिवशी शी पातळ झाली. या औषधाने असं बऱ्याचदा होतं. मी ओआरएस आणि ताकभात चालू ठेवला, कोर्स थांबवला नाही. शीत रक्त दिसलं, जुलाब आवरेनात, अंगावर पुरळ उठलं किंवा दोन-तीन दिवसांत ताप हललाच नाही, तर डॉक्टरांना लगेच फोन करायचा. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर पुढचा डोस न देता थेट दवाखाना गाठायचा.

तिसरी बाटली सातव्या दिवशी सकाळी कालवली, फक्त दोन डोससाठी. जवळजवळ २० मिली उरलं. पुढच्या दुखण्यासाठी किंवा धाकट्यासाठी ते ठेवायचं नव्हतं. त्याचं वजन वेगळं, दुखणंही वेगळं, आणि नुसत्या सर्दी-पडशाला अँटिबायोटिक लागतच नाही. बेसिनमध्ये ओतलं तर तेच औषध गटारात जातं. म्हणून चहाच्या चोथ्यात कालवून, पिशवीला गाठ मारून कचऱ्यात टाकलं.