खिसा नसलेल्यांची पावलं

कुठलंही ॲप उघडलं की मला एक चाळा लागतो. हे बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नेमकं कोण होतं, याचा अंदाज बांधायचा. मुंबईच्या लोकलचं वेळापत्रक दाखवणाऱ्या एम-इंडिकेटरच्या बाबतीत फार डोकं खाजवावं लागत नाही. डोंबिवलीचा पूल, एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्यात ओली छत्री, आणि खाली लागलेली गाडी फास्ट की स्लो हे जिना उतरायच्या आत कळायला हवं असलेला माणूस. गाडी किती डब्यांची, रविवारी मेगाब्लॉक कुठून कुठपर्यंत, रिक्षाचे किती होतात, एवढंच त्याला हवं असतं. रेंज गेली तरी वेळापत्रक दिसतं. बघितलं, मोबाईल पर्समध्ये टाकला, पळाले. नाहीतर काही ॲपं अशी, की दोन दिवस उघडली नाहीत तर 'आम्हाला विसरलात का?' म्हणून विचारतात. हो, विसरले. त्यासाठीच तर उघडलं नव्हतं.

कामं उरकायला मदत करणारी ॲपं मात्र वेगळ्याच माणसासाठी बनलेली असतात. त्या माणसाला स्वतःची खोली असते, खोलीला दार असतं, आणि दार आतून लावलं तर बाहेरून कुणी ठोठावत नाही. ते पोमोडोरो बघा. पंचवीस मिनिटं एकच काम, मग पाच मिनिटं विश्रांती. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचं १९८० च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासात लक्ष लागेना, तेव्हा त्याने स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर हाताशी घेतला आणि त्यावर ही पद्धत बसवली. आज त्याची ढिगाने ॲपं मिळतात. गंमत अशी, की स्वयंपाकघरातून निघालेली ही युक्ती परत स्वयंपाकघरात आणली की लंगडी पडते. आमच्याकडे सकाळच्या पंचवीस मिनिटांत कचरेवाला, कुरियर, सासूबाईंची गोळी आणि 'माझा निळा शर्ट कुठाय?' एवढं सगळं होऊन जातं. टायमर बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात, मोजत बसतो.

याद्यांचंही तेच. भिंतीवरच्या कालनिर्णयावर १९७३ पासून मराठी घरांनी दुधाचे हिशेब, कामवाल्या बाईंचे खाडे आणि सिलिंडर लावल्याच्या तारखा टिपल्यात. आता त्याचंही ॲप आहे आणि संकष्टीला चंद्रोदयाची वेळ मी त्यातच बघते. पण भिंतीवरच्या चौकटीत घरातलं येता-जाता कुणीही खूण करायचं. मोबाईलमधली यादी ज्याच्या मोबाईलमध्ये, कामं त्याची. मग कुणीतरी सुचवलं म्हणून गूगल कीपमध्ये किराणा-भाजीची यादी केली आणि घरातल्या सगळ्यांना जोडून घेतलं. सोय उत्तम आहे, दुकानात उभं राहून एकेका जिनसेवर टिक करता येते. फक्त कामाची वाटणी आपोआप ठरली. यादीत भर घालतात ते सगळे, टिक करते ती मी.

वाचनाच्या ॲपांवर मात्र माझा राग नाही. सुरुवातीच्या स्मार्टफोनवर मराठी मजकूर उघडला की अक्षरांच्या जागी चौकटी-चौकटी दिसायच्या. दिसलाच मजकूर, तर वेलांटी एकीकडे नि अक्षर भलतीकडे. म्हणजे मराठी वाचणारा माणूस कुणाच्या डोळ्यांपुढेच नव्हता. किंडलवर मराठी पुस्तकं आली ती २०१६ च्या डिसेंबरात. पुढच्याच वर्षी पुस्तकं वाचून ऐकवणारं स्टोरीटेल भारतात आलं ते मराठी घेऊनच. माझ्या बाबांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर छापील पुस्तकं जवळजवळ सोडलीच होती, आता ते मोबाईलवर अक्षर इतकं मोठं करतात की पडद्यावर जेमतेम दोन वाक्यं मावतात. सारखं बोट फिरवावं लागतं, पण वाचतात. पूर्वी बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय होती, ती अजून गेलेली नाही. काच त्यामुळे कायम चिकट. आणि ऐकायची पुस्तकं हे तर मेथी निवडणाऱ्यांवर झालेले उपकार आहेत. हात मोकळे नसले तरी कान असतात, हे कुणाला तरी सुचलं.

आता पावलं. दिवसाला दहा हजार, हा आकडा आमच्या बिल्डिंगमध्ये रामरक्षेइतका पाठ आहे. पावणेअकराला जेवणं आटोपून हॉल ते बेडरूम, बेडरूम ते हॉल अशा येरझाऱ्या घालणारे खालच्या मजल्यावरचे काका मला वर ऐकू येतात. त्यांना मी सांगितलेलं नाही, की हा आकडा काही डॉक्टरांनी काढलेला नाही. टोकियोला १९६४ मध्ये ऑलिम्पिक झालं, व्यायामाची हवा होती, आणि १९६५ मध्ये तिथल्या यामासा कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याबरोबर हा गोल आकडा आला. २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी अमेरिकेतल्या सरासरी बहात्तर वर्षांच्या बायकांची पावलं मोजली, तर दिवसाला सुमारे ४,४०० पावलांतच मृत्यूचा धोका बराच कमी दिसला आणि ७,५०० च्या पुढे आणखी विशेष फरक पडेना. काकांना सांगितलं तर ते साडेसात हजारांवर थांबतील आणि मला झोप लागेल. सांगायला हवं.

पण ती पावलं मोजतं कोण? मोबाईलमधला ॲक्सिलरोमीटर. त्याला कळतात फक्त हिसके. त्यातली ठरावीक तालातली वर-खाली ॲप निवडतं आणि पाऊल म्हणून लावतं. म्हणजे मोबाईल अंगावर हवा. आणि इथेच त्या बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढचा माणूस अगदी स्पष्ट दिसतो: पॅंटला खिसा असलेला. साडीला खिसा नाही. पंजाबी ड्रेसला हल्ली शिंप्याला सांगून शिवून घेतात, तो मोबाईलच्या वजनाने गुडघ्याशी लोंबतो. घरात बाईचा मोबाईल असतो ओट्यावर, मिसळणाच्या डब्याला टेकवलेला. त्याच्यासमोर ती सकाळभर ओटा ते फ्रिज, फ्रिज ते बाल्कनी, बाल्कनी ते बाथरूम करते आणि दुपारी ॲप म्हणतं, आज जरा हालचाल करा! मनगटावरचा पट्टा घेतला तर उलटी तऱ्हा. आरतीला टाळ्या वाजवल्या की पावलं वाढतात. पोळ्या लाटतानाही वाढतात म्हणे. भाजी बाजारातून दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन आलं तर हात हलत नाहीत, म्हणून ती चाल निम्मीशिम्मीच धरली जाते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत चालण्याची स्पर्धा निघाली. रोज रात्री पावलांचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा, महिन्याअखेरीस बक्षीस. सेक्रेटरी आघाडीवर, त्यांच्या मागोमाग येरझाऱ्यांचे काका. शेजारच्या काकूंचा आकडा दोन हजारांवर जाईना. एके दिवशी त्यांनी जुन्या ब्लाऊजपीसचा बटवा शिवला, त्याला नाडी लावली आणि मोबाईल आत घालून कमरेला बांधला. पहाटे पाणी भरण्यापासून रात्री शेगडी पुसेपर्यंत तो सोडला नाही. धुणं गच्चीवर घालायला गेल्या तेव्हाही नाही, सरी आल्यावर ते काढायला धावल्या तेव्हाही नाही. "अगं, कंबर काचली," एवढंच मला म्हणाल्या. रात्री स्क्रीनशॉट आला, चौदा हजारांच्या वर. त्या दिवशी पाऊस असल्याने काकू बिल्डिंगच्या फाटकाबाहेर पडल्याच नव्हत्या, हे सगळ्यांना माहीत होतं.

कुणी अंगठा दाखवला नाही, कुणी टाळ्यांचं चित्र टाकलं नाही. एकाने विचारलं, ॲप बिघडलंय का? दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरींची सूचना ग्रुपवर होती: स्पर्धेसाठी घरातली पावलं धरली जाणार नाहीत.