हिमोग्लोबिन नॉर्मल, तरी पाय उचलेनात

आमच्या बडोद्याच्या मॅरेथॉनमध्ये ४२.१९५ किलोमीटर पूर्ण केले, तोवर माझे वजन ८४ वरून ६२ किलोवर आलेले होते. साहजिकच विश्रांतीनंतरचे पळणे हलके वाटेल, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात कमाटी बागेत बँडस्टँडपर्यंत पोहोचेपर्यंतच धाप लागू लागली आणि केस विंचरताना कंगव्यात पुंजके येऊ लागले.

ज्या दवाखान्यात गेले, तेथे नंबर लावून बसलेल्यांच्या आधी औषध कंपन्यांचे एमआर, म्हणजे विक्री प्रतिनिधी, आत सोडले जात. अखेर डॉक्टरांनी हिमोग्लोबिनचा १२.४ हा आकडा पाहिला, ‘बेन, बधुं नॉर्मल छे’ म्हणत फाइल माझ्याकडे सरकवली आणि उन्हाळ्यावर व वयावर खापर फोडून बी-कॉम्प्लेक्स लिहून दिले. वजन उतरलेच आहे, तर आता पळायचे कशाला, असेही विचारले. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेल्यास रक्तक्षय धरतात. मी त्या रेषेच्या जेमतेम वर होते. परंतु आजची भाकरी झाली म्हणजे कोठीत पीठ उरले आहे, असे होत नाही. शरीरातील लोहाचा साठा रक्तातील फेरिटिन या प्रथिनावरून कळतो आणि तो आटत आला तरी हिमोग्लोबिन बराच काळ टिकून राहते. दीर्घकाळ बेताचे शाकाहारी जेवण, मासिक पाळी, घाम आणि पावलांच्या आघाताने फुटणाऱ्या तांबड्या पेशी, एवढ्या वाटांनी माझे लोह घटण्याची शक्यता होती. पण हे ऐकून घ्यायला कोणाला सवड नव्हती. लॅबच्या काउंटरवर फेरिटिनची तपासणी मागितली, तर ‘पॅकेजमध्ये सीरम आयर्न आहे, तेच ते’ असे उत्तर मिळाले. ते तेच नव्हे. सीरम आयर्न म्हणजे त्या वेळी रक्तात फिरणारे लोह, साठा नव्हे; ते दिवसभरातही वरखाली होते. वेगळ्या तपासणीसाठी चिठ्ठी हवी म्हणून पुन्हा तोच दवाखाना, पुन्हा तेच एमआर आणि पुन्हा ‘गरज नाही’. शेवटी दुसऱ्या लॅबमध्ये पदरचे पैसे भरून मीच तपासणी करून घेतली. फेरिटिन ९ आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार निरोगी प्रौढांमध्ये ते १५ च्या खाली असणे ही लोहाची कमतरता होय. तो कागद हातात आल्यावर काळजीपेक्षा समाधानच अधिक वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढे स्वतः पळणाऱ्या एका फिजिशियनने एक दिवसाआड लोहाची गोळी दिली. ती लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहा तिच्यापासून दूर ठेवायचा आणि कॅल्शियम त्याच वेळी घ्यायचे नाही. अर्थात डॉक्टरांना न विचारता लोह घेऊ नये, कारण जास्तीचे लोह अपायकारक असते. चालणे आणि मध्येमध्ये पळणे, या क्रमाने माझे अंतर हळूहळू वाढले; वजन आणखी उतरवण्याचा बेत मात्र सध्या बंद ठेवला आहे.

एक राहिलेच: ताप असताना किंवा लांब पल्ल्याच्या धावेनंतर लगेच ही तपासणी करू नये, कारण दाहामुळे फेरिटिनचा आकडा फुगतो. आणि चिठ्ठीवर नुसते ‘आयर्न’ न लिहिता ‘फेरिटिन’ असेच लिहून घ्यावे, म्हणजे काउंटरवर वाद घालावा लागत नाही.